म्हादईवरील पावसाळी राफ्टिंग: सेवा उत्तम, नदीचे संरक्षण अपुरे

गोव्यातील सत्तरी तालुक्यात उस्ते गावापासून सोनाळपर्यंत, सुमारे १० किलोमीटरच्या अंतरात, पावसाळ्याच्या महिन्यांत म्हादई नदीवर राफ्टिंग चालते. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. आम्ही ज्यांच्यासोबत गेलो त्या आयोजकांचे काम सुरक्षिततेच्या बाबतीत काटेकोर होते, वाटाडे जाणकार होते आणि दिलेल्या पैशांचे चीज झाले, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. तरीही पुढच्या मजकुराचा मोठा भाग नदीविषयी आहे. राफ्टिंगमध्ये ग्राहक ज्यासाठी पैसे मोजतो ती गोष्ट म्हणजे न अडवलेला, आपल्या उतारावरून आपल्या वेगाने धावणारा प्रवाह होय, आणि नेमक्या त्याच गोष्टीला आपल्या कायद्यात स्वतंत्र संरक्षण नाही. सेवेचा कणाच असा असुरक्षित असेल तर त्याकडे डोळेझाक करून केलेले परीक्षण अपुरे ठरेल.

पणजीहून येणाऱ्यांना वाळपई गाठून पुढे जाणे सोयीचे पडते. आम्ही बेळगावहून जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट या रस्त्याने उतरलो, आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी हाच रस्ता घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण या वाटेवर आपण म्हादईच्या पाणलोटातूनच खाली येतो. नदीचा उगम खानापूर तालुक्यात देगावजवळच्या जंगलात आहे. कणकुंबी हे माउलीच्या देवळाचे आणि मलप्रभेच्या उगमाचे गाव. तेथून मलप्रभा पूर्वेकडे कृष्णेच्या भेटीला निघते, आणि त्याच परिसरातला कळसा नाला पश्चिमेकडे वळून म्हादईला मिळतो. दोन समुद्रांकडे जाणारी ही पाणी येथे इतकी जवळ आहेत की एकाचे पाणी दुसरीकडे नेण्याची कल्पना सुचणे अवघड नव्हते. कळसा आणि भांडुरा या प्रवाहांचे पाणी मलप्रभेत वळवण्याच्या कर्नाटकाच्या योजनेसाठी कणकुंबीच्या परिसरात झालेले खोदकाम आजही दिसते. घाट उतरून आपण ज्या पाण्यात तराफा लोटणार आहोत त्याचा वाद कोठे आहे, हे डोळ्यांनी पाहूनच मग उस्त्याला पोहोचणे योग्य, असे मला वाटते.

नदीकाठी पोहोचल्यावर प्रथम साहित्य दिले जाते. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचे आहे की नाही हे वाटाड्यांनी स्वतः पट्टे ओढून तपासले, हेल्मेट सैल असलेल्यांना बदलून दिले, आणि वल्हे कसे धरायचे, तराफ्यातून पडल्यास पाय पुढे करून पाठीवर कसे तरंगायचे, फेकलेली दोरी कशी पकडायची, हे घाई न करता समजावले. 'फॉरवर्ड', 'बॅक', 'स्टॉप' आणि 'गेट डाऊन' या चार आज्ञा काठावरच सर्वांकडून करवून घेतल्या. आमच्या गटात पोहता न येणारे दोघे होते. त्यांना कोठे बसवायचे याचा निर्णय वाटाड्याने त्यांच्याशी बोलून घेतला. आदल्या रात्री घाटावर पाऊस किती झाला, पाणी किती चढले आहे, यावर फेरी निघणार की नाही हे ठरते, आणि फेरी रद्द होऊ शकते याची कल्पना नोंदणीच्या वेळीच दिलेली होती. धरण नसलेल्या नदीवर हा प्रामाणिकपणा अत्यावश्यक आहे. सह्याद्रीतली नदी एका रात्रीत काय करू शकते हे जुलै २०२१ च्या पुरात सत्तरीने अनुभवले आहे.

प्रवाहाची अवघडता साधारणपणे दुसऱ्या ते तिसऱ्या श्रेणीची समजली जाते, म्हणजे प्रकृती ठीक असलेल्या आणि सूचना पाळणाऱ्या नवख्या माणसालाही झेपेल अशी. परंतु आकड्यांच्या श्रेणीपेक्षा मला महत्त्वाचे वाटले ते या प्रवाहाचे एकसारखे नसणे. एखाद्या खडकाळ उतारावर पाणी पांढरे होऊन उसळते, पुढच्याच वळणावर ते एका खोल कोंडात शिरून इतके संथ होते की वल्ही थांबवल्यावर तराफा जवळजवळ जागीच राहतो, आणि मग पुन्हा एका अरुंद घळीतून ओढ घेते. काठावर करंज आणि जांभूळ पाण्यावर ओणवे झालेले आहेत, त्यांच्या मागे किंदळीचे रान चढत गेलेले आहे, आणि मधूनमधून एखाद्या कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, पोफळी दिसतात. संथ भागात शीळ घालणारा कस्तुर ऐकू येतो. एका वळणावर धनेशाची जोडी नदी ओलांडून गेली तेव्हा वाटाड्याने आपणहून सर्वांना वल्ही खाली ठेवायला सांगितली. पाणी गढूळ होते, पण दोन सरींच्या मधल्या उघडिपीत ते निवळू लागलेले जाणवत होते. वरचे जंगल शाबूत असल्याची ती खूण आहे, असे वाटाड्याचे म्हणणे होते आणि ते मला पटले.

महाराष्ट्रातील बहुतेक वाचकांनी राफ्टिंग केले असेल तर ते कोलाडला, कुंडलिकेवर. तेथील अनुभव वाईट आहे असे मी म्हणणार नाही. मात्र कुंडलिकेवर फेरी निघते ती भिऱ्याच्या वीजनिर्मितीतून सोडलेल्या पाण्यावर, आणि ते पाणी मुळात कुंडलिकेचे नाही. ते मुळा नदीचे आहे, पूर्वेकडे भीमेला जाणारे, मुळशीच्या धरणात अडवून घाटाखाली कोकणात सोडलेले. त्याच धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. कोलाडला ठरलेल्या वेळी ठरलेले पाणी येते, ही तिथली सोय आहे; त्या सोयीची किंमत शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी जमीन देऊन चुकती केलेली आहे. म्हादईवर अशी सोय नाही. पाऊस लांबला तर फेऱ्या उशिरा सुरू होतात, धो धो कोसळला तर थांबतात. नदीच्या मर्जीने चालणारी सेवा ज्याला अनुभवायची आहे त्याने उस्त्याला यावे. मुळशीत पूर्वेचे पाणी पश्चिमेला वळवले, कणकुंबीत पश्चिमेचे पूर्वेला वळवायचे आहे, आणि दोन्ही ठिकाणी सह्याद्रीच्या माथ्यावर राहणाऱ्या माणसांना आधी कोणी विचारले नाही, हेही येथे नोंदवणे आवश्यक आहे.

आता सेवेतील उणिवेकडे येतो. काठावरच्या माहितीसत्रात उतारांची नावे, धोके आणि आज्ञा हे सर्व आले, पण ज्या नदीवर आपण जाणार आहोत तिची आजची अवस्था काय, याबद्दल एक वाक्यही आले नाही. मधल्या विश्रांतीत आम्ही विचारले तेव्हा सत्तरीतल्याच एका तरुण वाटाड्याने भरभरून सांगितले: कोणते ओढे कोठून येतात, उन्हाळ्यात कोणत्या कोंडात पाणी टिकते, गावात नावेत बसलेल्या देवीच्या पाषाणमूर्ती आहेत आणि नदी व देवी यांना लोक वेगळे मानत नाहीत. ही माहिती आयोजकांकडे आहे, ती सांगण्याची तयारीही आहे, फक्त तिला कार्यक्रमात जागा दिलेली नाही. पावसाळ्यात येणारा पर्यटक दुथडी भरलेली नदी पाहून जातो आणि 'एवढे पाणी समुद्रात वाया जाते, त्यातले थोडे कोणी घेतले तर काय बिघडले' असे त्याला वाटू शकते. म्हणून ही उणीव मी किरकोळ मानत नाही. म्हादईलाच खाली मांडवी म्हणतात; त्या मांडवीच्या खाडीविषयीच्या अभ्यासांत पावसाळ्यातला प्रवाह सुमारे २५८ घनमीटर प्रति सेकंद आणि कोरड्या महिन्यांतला सुमारे ६ घनमीटर प्रति सेकंद असा दिलेला असतो. राफ्टिंगचा ग्राहक पहिली नदी पाहतो. सत्तरीतली कुळागरे, जनावरे, मासे आणि नळाचे पाणी दुसऱ्या नदीवर जगतात. खाली गांजे गावाच्या आसपास समुद्राची भरती आणि नदीचे गोडे पाणी समोरासमोर येतात, आणि वरून येणारा प्रवाह जितका क्षीण तितके खारे पाणी आत सरकते. वर्षभराच्या एकूण पाण्याच्या हिशेबात ही गोष्ट दिसतच नाही.

आणि आपला कायदा मुख्यतः तोच हिशेब करतो. आंतरराज्य नदीजलविवाद कायदा १९५६ चा आहे. त्याखाली २०१० साली नेमलेल्या म्हादई जलविवाद लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला. खोऱ्यात वर्षाला १८८.०६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी उपलब्ध असल्याचे धरून कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी वापर मंजूर झाला. कर्नाटकाच्या वाट्यात कळसा आणि भांडुरा मिळून ३.९ टीएमसी पाणी मलप्रभेत वळवण्याचाही समावेश आहे. तिन्ही राज्ये या निवाड्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या सुधारित प्रकल्प अहवालाला मान्यता दिली आणि गोव्यात मोठा क्षोभ उसळला. २०२३ साली केंद्राने निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी 'प्रवाह' हे प्राधिकरण स्थापन केले. या साऱ्या प्रक्रियेत पक्षकार तीन आहेत आणि तिन्ही राज्ये आहेत. नदी पक्षकार नाही. वाटणीचा कायदा पाणी कोणाचे हे ठरवतो; नदी वाहती राहिली पाहिजे हे ठरवणे त्याच्या रचनेतच मध्यवर्ती नाही.

म्हणून म्हादईच्या रक्षणासाठी झटणाऱ्यांना दुसऱ्याच कायद्याचा आधार घ्यावा लागला, तो म्हणजे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. १९९९ साली गोव्यात राष्ट्रपती राजवट असताना तत्कालीन राज्यपाल लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब यांच्या पुढाकाराने म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये घोषित झाली. म्हादई अभयारण्य सुमारे २०८ चौरस किलोमीटरचे आहे, आणि घाटावर कर्नाटकाच्या बाजूलाही २०११ पासून भीमगड अभयारण्य आहे. या कायद्याचे कलम २९ असे सांगते की अभयारण्यात येणारा किंवा त्यातून बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय कोणालाही वळवता, अडवता किंवा वाढवता येणार नाही, आणि असा परवाना केवळ वन्यजीवांच्या भल्यासाठी व त्यांच्या चांगल्या व्यवस्थापनासाठी आवश्यक असेल तरच देता येईल. भारतीय कायद्यात वाहत्या पाण्याला 'वाहते' म्हणून संरक्षण देणाऱ्या फार थोड्या तरतुदी आहेत आणि त्यांतली ही सर्वांत स्पष्ट आहे, असे माझे मत आहे. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी याच कलमाच्या आधारे कर्नाटकाला नोटीस बजावली. मात्र ही तरतूद शेवटी वन्यजीवांसाठी आहे आणि अभयारण्याच्या हद्दीशी बांधलेली आहे. हद्दीबाहेर, वरच्या राज्यात होणाऱ्या कामाला ती कुठवर अटकाव करू शकते, यावर वाद घालता येतो, आणि तो घातला जातो. अभयारण्य नसलेल्या खोऱ्यातल्या नदीला तर एवढाही आधार नाही.

व्याघ्र प्रकल्पाची मागणी याच कारणाने महत्त्वाची आहे. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मृतावस्थेत सापडले, विषप्रयोगाने मारलेले. २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने, गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर, म्हादई अभयारण्य आणि लगतचे क्षेत्र तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. व्याघ्र प्रकल्प झाल्यास त्या क्षेत्रातल्या मोठ्या हस्तक्षेपांवर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळ यांची नजर येते, म्हणजे प्रश्न दोन राज्यांच्या ओढाताणीतून एक पायरी वर जातो. मी या मागणीच्या बाजूने आहे. पण सत्तरीतल्या गावांमध्ये विस्थापनाची भीती आहे आणि ती काल्पनिक म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. न्यायालयानेही वनवासी आणि इतर रहिवाशांचे हक्क ठरावीक मुदतीत निश्चित करायला सांगितले आहे. नदी वाचवण्याचा कायदा नदीकाठच्या माणसाला शत्रू करून टिकणार नाही. म्हादई बचाव अभियानाने गेली कित्येक वर्षे जो लढा चालवला आहे त्याचे बळ सत्तरीच्या याच माणसांत आहे.

राफ्टिंगचे परीक्षण लिहिताना मला ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातील फ्रँकलिन नदीची आठवण होणे अपरिहार्य होते. १९७६ साली बॉब ब्राउन नावाचा एक डॉक्टर एका सोबत्यासह तराफ्यातून त्या नदीवर उतरला. राज्याच्या जलविद्युत आयोगाला ती नदी धरणाखाली बुडवायची होती. तेथून पुढे जे आंदोलन उभे राहिले त्यात नदी प्रत्यक्ष पाहिलेली, तिच्यावरून गेलेली माणसे अग्रभागी होती. डिसेंबर १९८२ मध्ये धरणाच्या जागेवर नाकेबंदी सुरू झाली, हजाराहून अधिक लोकांना अटक झाली, आणि १ जुलै १९८३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की जागतिक वारसा असलेले हे क्षेत्र वाचवण्यासाठी केंद्राने केलेला कायदा वैध आहे. फ्रँकलिन आजही वाहते आहे. या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका भाग न्यायालयाच्या आधीचा आहे: ज्या नदीला लोक नकाशावरची रेघ समजत होते ती तराफ्यातून गेलेल्यांनी लोकांना दाखवली. अल्बानियातील व्योसा नदीच्या मोहिमेतही कयाक चालवणारे पुढे होते, आणि मार्च २०२३ मध्ये ती नदी उपनद्यांसह राष्ट्रीय उद्यान झाली. अमेरिकेत १९६८ सालापासून असा कायदाच आहे की संसदेने किंवा केंद्राच्या अंतर्गत (इंटिरिअर) खात्याच्या मंत्र्यांनी यादीत घेतलेल्या नदीपट्ट्यावर धरणाला परवाना देता येत नाही. यादीत आलेला पट्टा तेथील एकूण नद्यांच्या लांबीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे, पण जेवढा आहे तेवढ्यापुरती कायद्याची भाषा निःसंदिग्ध आहे.

आपल्याकडे तुकडे आहेत, सलग वस्त्र नाही. गोमुख ते उत्तरकाशी या भागीरथीच्या सुमारे १०० किलोमीटर पट्ट्याला डिसेंबर २०१२ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित करण्यात आले आणि तेथे २ मेगावॉटपेक्षा मोठ्या जलविद्युत प्रकल्पांना मनाई झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये गंगेसाठी किमान पर्यावरणीय प्रवाहाची अधिसूचना निघाली. वरच्या गंगेत महिनावार सरासरीच्या २० ते ३० टक्के पाणी, ऋतूनुसार, सोडलेच पाहिजे असे तिने ठरवले. हे प्रमाण पुरेसे आहे की नाही यावर मतभेद आहेत, पण तत्त्व मान्य झाले. म्हादईसाठी अशी अधिसूचना नाही, सह्याद्रीतल्या कोणत्याच नदीसाठी नाही. २०१७ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुनेला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. महाराष्ट्राने तर उलट दिशेने पाऊल टाकले. नदीपासून किती अंतरावर कोणते उद्योग असावेत हे सांगणारे नदी नियमन क्षेत्र धोरण राज्यात २००० सालापासून होते, ते २०१५ मध्ये रद्द करण्यात आले. त्या निर्णयावर जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

मला हवा असलेला कायदा गुंतागुंतीचा नाही. ज्या नद्या किंवा नदीपट्टे अजून मोकळे वाहतात त्यांची यादी व्हावी. यादीतल्या पट्ट्यावर नवे धरण, बंधारा किंवा खोऱ्याबाहेर पाणी नेणारी योजना येऊ नये. आधीच्या कामांसाठी महिनावार किमान प्रवाह ठरावा आणि त्याची मोजणी लोकांसमोर खुली असावी. आणि या यादीत बदल करायचा तर तो एखाद्या खात्याच्या टिपणीवर न होता विधिमंडळासमोर व्हावा. हुबळी-धारवाडला प्यायला पाणी हवे आहे, नरगुंद आणि नवलगुंदचे शेतकरी २०१५ पासून रस्त्यावर आले ते उगीच नाही, हे मी बेळगावचा असल्याने जवळून जाणतो. त्यांची तहान खरी आहे. परंतु मलप्रभेच्याच पाणलोटातले तलाव, शहरातली गळती, मलप्रभेच्या लाभक्षेत्रात किती ऊस असावा, हे प्रश्न न सोडवता दुसऱ्या खोऱ्यातल्या नदीकडे बोट दाखवणे सोपे पडते ते केवळ त्या नदीला कायद्याने 'नाही' म्हणण्याचा अधिकार नाही म्हणून. गोव्याच्या ३,७०२ चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी १,५८० चौरस किलोमीटर या एकाच खोऱ्यात येते, म्हणजे ४२ टक्क्यांहून अधिक. एवढ्या भूमीचे पाणी ज्या नदीवर अवलंबून आहे तिला संरक्षण मागणे हा पर्यटकांचा किंवा निसर्गप्रेमींचा छंद समजला जाऊ नये.

जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. सकाळच्या आणि दुपारच्या फेरीपैकी सकाळची निवडावी. पाऊस असला तरी उजेड भरपूर मिळतो आणि घाटातून परतताना धुक्यात अंधार होत नाही. नोंदणी करतानाच वयाची आणि वजनाची अट विचारून घ्यावी, मुले सोबत असतील तर विशेषच. चपला टिकत नाहीत, पट्ट्याचे सँडल किंवा जुने बूट घालावेत, चष्म्याला दोरी लावावी, आणि बदलायचे कपडे गाडीत ठेवावेत, कारण नदीकाठी कपडे बदलण्याची सोय बेताची आहे. परतल्यावर वाळपईत गरम चहा आणि पाव-भाजी मिळते, तेवढ्याने भूक भागते. जेवणासाठी फार अपेक्षा ठेवू नये. सुट्टीच्या दिवशी गर्दी होते आणि तराफे एकामागोमाग सुटल्याने संथ भागातली शांतता हरवते, म्हणून जमल्यास मधल्या वारी जावे.

आयोजकांसाठी दोन सूचना आहेत, आणि त्या मी त्यांच्या कार्यालयात लेखी देऊन आलो आहे. पहिली अशी की पावसाळ्यापुरतेच न थांबता एप्रिल-मे महिन्यांत याच उस्ते ते सोनाळ पट्ट्यात नदीपात्रातून पायी नेणारा उपक्रम सुरू करावा. कोंडांमध्ये उरलेले पाणी, त्यावर जगणारे मासे, काठच्या कुळागरांना जाणारे पाट, हे ज्याने उन्हाळ्यात पाहिले त्याला किमान प्रवाह म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावे लागणार नाही, आणि सत्तरीतल्या तरुणांना वर्षातले आणखी काही महिने काम मिळेल. दुसरी सूचना नोंदींची आहे. फेरी निघायची की नाही हे ठरवण्यासाठी वाटाडे रोज सकाळी ठरावीक खडकांवर पाण्याची पातळी पाहतात. वर्षानुवर्षे पाहत असल्याने कोणता खडक बुडाला म्हणजे पाणी किती, हे त्यांना तोंडपाठ आहे. ही निरीक्षणे तारीखवार लिहून, छायाचित्रांसह, वर्षभर ठेवली आणि सर्वांना पाहता येतील अशी प्रसिद्ध केली, तर न्यायालयात किंवा 'प्रवाह' प्राधिकरणासमोर म्हादईची बाजू मांडणाऱ्यांना सरकारी आकड्यांशी ताडून पाहता येईल असा, नदीवरच्या माणसांनी तयार केलेला पुरावा हाती येईल. आयोजकांपैकी एकांनी दुसरी सूचना लगेच उचलून धरली आणि पातळी मोजण्यासाठी खडकावर कायमच्या खुणा करायला वन खात्याची परवानगी लागेल का, याची चौकशी करतो असे सांगितले.